कै. गोदावरीबाई परुळेकर : वकिलाघरची लेक, वारल्यांची गोदाराणी

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र द्यावे, असा प्रघात पडला आहे. जिजाऊ, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांची चरित्रे आजवर येऊन गेली. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी कै. गोदावरीबाई परुळेकर यांचे नाव पुढे केले. एका भगिनीने साहजिकच विचारले, की ठाणे जिल्ह्याच्या जंगलात काम केलेल्या या बाईंचा आपल्या परभणीशी संबंध कोणता? नावाचा संबंध तर उघडच आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या आपल्या तालुक्यांतून जी वाहते, तिचेच नाव त्यांना मिळाले होते. पण खरा संबंध याहून पुष्कळ जवळचा आहे. चरित्र वाचता वाचता तो भगिनींना आपोआप उमगेल.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले. वडील लक्ष्मणराव हे पुण्यातले नामांकित वकील आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नात्यातले. घर सुखवस्तू, सुशिक्षित आणि नेमस्त विचारांचे. अशा घरात मुलीच्या शिक्षणाला तोटा नव्हता. गोदावरीबाई फर्ग्युसन महाविद्यालयातून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या आणि पुढे कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या. महाराष्ट्रात कायद्याची पदवी मिळविलेल्या स्त्रियांच्या अगदी पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. वडिलांच्या कचेरीत बसून वकिली केली असती, तर पुण्यात मानाने आणि आरामात आयुष्य गेले असते.

परंतु ते दिवस कायदेभंगाच्या चळवळीचे होते. गोदावरीबाई सत्याग्रहात पडल्या आणि १९३२ साली त्यांना शिक्षा झाली. नेमस्त वृत्तीच्या वडिलांना हे रुचले नाही. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पुणे सोडले आणि मुंबईची वाट धरली. एकटी, अविवाहित, तुरुंग पाहून आलेली मुलगी त्या काळी घर सोडून दुसऱ्या शहरात राहावयास जाते, याला केवढे धैर्य लागले असेल, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना वेगळे सांगावयास नको.

मुंबईत त्यांनी भारत सेवक समाजात प्रवेश केला. नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सभासद. १९३७-३८ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली, तीत त्यांनी हिरिरीने काम केले. अक्षर शिकविण्यासाठी गरिबांच्या वस्त्यांत जाऊ लागल्यावर त्यांच्या ध्यानात आले असावे, की ज्याला दोन वेळचे पोटभर मिळत नाही त्याच्या हाती नुसती पाटी देऊन भागत नाही. कारण त्याच सुमारास त्यांनी मुंबईतल्या घरकाम करणाऱ्या गड्यांची आणि मोलकरणींची संघटना बांधली.

या गोष्टीपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. गिरणीत हजारो कामगार एका भोंग्याला आत जातात आणि एका भोंग्याला बाहेर पडतात, त्यामुळे त्यांची एकजूट होणे त्या मानाने सोपे. घरकामाची बाई मात्र एकटी असते. तिचे मालक चार घरचे चार, तिला ठरलेली सुटी नाही, आजारपणाचा पगार नाही, आणि तिच्या गाऱ्हाण्याला साक्षीदारही नाही. अशांनाही आपण कामगार आहोत असे वाटावे, म्हणून झटणारी व्यक्ती १९३८ सालच्या मुंबईत एक पुणेरी वकिलाची लेक होती. आपली जनाबाई गंगाखेडची. तिने नामदेवांच्या घरी दळण-कांडण केले, शेणी वेचल्या, पाणी भरले, आणि देव तिच्या कामाला हातभार लावावयास आला अशी आपली श्रद्धा आहे. जनीच्या मदतीला पांडुरंग आला, पण जनीला रोज किती तास जात्यापाशी बसावे लागे, हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्यात नव्हती. तो प्रश्न गोदावरीबाईंनी विचारला. महाराष्ट्र शासनाने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला तो २००८ साली, म्हणजे सत्तर वर्षांनी. यावरून त्या किती पुढचे पाहत होत्या हे दिसते.

१९३९ साली त्यांचा शामराव परुळेकर यांच्याशी विवाह झाला. शामरावही भारत सेवक समाजातलेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत निवडून आले होते, आणि खोती नष्ट करण्यासाठी १९३८ साली कोकणातल्या शेतकऱ्यांचा मुंबईत जो मोठा मोर्चा निघाला त्यात त्यांचा पुढाकार होता. विवाहाच्याच वर्षी दोघेही भारत सेवक समाजातून बाहेर पडून कम्युनिस्ट पक्षात गेले. आमचे मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही आणि गोदावरीबाईंचे राजकीय मत सर्व भगिनींना पटलेच पाहिजे असेही नाही. पण त्यांचे काम समजून घेताना हे मत झाकून ठेवणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल, म्हणून लिहिले. युद्धविरोधी संपामुळे १९४० ते १९४२ या काळात त्या पुन्हा तुरुंगात होत्या. संसाराची पहिली वर्षे अशी गेली.

सुटून आल्यावर शेतकऱ्यांत काम करावयाचे ठरले. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. त्यांच्यातल्या माह्या धांगडा यांनी आपल्या लोकांच्या वेठबिगारीची कथा परिषदेपुढे मांडली. मुंबईपासून जेमतेम दिवसाच्या अंतरावर माणसे गुलामासारखी जगत आहेत, हे तिथे जमलेल्या पुष्कळांना नवीन होते. गोदावरीबाईंनी आणि शामरावांनी त्यानंतर तिकडे जाण्याचा निश्चय केला, आणि पुढचे सगळे आयुष्य तिथेच वेचले.

वारल्यांची स्थिती काय होती? जमिनी एकेकाळी त्यांच्याच होत्या, त्या सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या. जंगल सरकारचे आणि ठेकेदाराचे झाले. वारली आपल्याच रानात कूळ, मजूर आणि वेठ्या होऊन राहिला. जमीनदाराच्या शेतात, वाड्यात, जंगलात बोलावील तेव्हा फुकट काम करावयाचे, नाही म्हटले तर मार खावयाचा. याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी वारली शे-दोनशे रुपयांच्या आतबाहेर कर्ज काढी आणि ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबण्याचे कबूल करी. हिशेब सावकाराच्या हाती, तेव्हा कर्ज कधी फिटतच नसे. नवऱ्याबरोबर बायकोही त्या कर्जात जाई, पुढे मुलेही जात. आणि बायकोची अब्रूसुद्धा मालकाच्या मर्जीवर असे. हे काही चळवळवाल्यांनी रचलेले नाही. सरकारनेच नेमलेल्या सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८-३९ च्या सुमारास चौकशी करून आपल्या अहवालात वेठ, कर्जाची गुलामी आणि स्त्रियांवरचे जुलूम नमूद केले होते. अहवाल दप्तरात राहिला आणि वेठ चालू राहिली.

अशा लोकांत गोदावरीबाई गेल्या. पांढरपेशा माणूस म्हणजे सावकार, शिपाई नाहीतर जंगलखात्याचा माणूस, एवढेच वारल्यांना ठाऊक. बाईमाणूस पाहूनही ते प्रथम भ्यायचे. बाई पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, ते खातील ते खाल्ले, जमिनीवर निजल्या, त्यांची बोली कानांवर पडू दिली. हळूहळू भीती गेली. वारली त्यांना गोदाराणी म्हणू लागले. ज्यांच्या राज्यात जमीनदाराचा शब्द हाच कायदा होता, त्यांनी कायदा शिकलेल्या बाईला राणी म्हणावे, यात मला मोठी गंमत आणि मोठा अर्थ वाटतो.

२३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सभा भरली. सुमारे पाच हजार आदिवासी आले. वेठ करावयाची नाही, जमीनदाराच्या शेतावर काम केले तर रोजाला १२ आणे रोख घ्यावयाचे, कोणी मारावयास आला तर एकट्याने सोसावयाचे नाही, सर्वांनी एक राहावयाचे, असे ठराव झाले. ठराव तर आपणही दरवर्षी करतो. फरक असा, की झरीचे ठराव दुसऱ्या दिवसापासून अमलात आले. एका पाड्याने वेठ नाकारली, मग शेजारच्याने नाकारली, आणि थोड्याच आठवड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ त्या भागातून उठली. त्यापाठोपाठ वारल्यांचे जमाव सावकारांच्या वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना बाहेर बोलावू लागले. नवरा-बायको पोरेबाळे घेऊन वाड्यातून बाहेर पडली आणि आपल्या पाड्यावर गेली. कर्जाचे कागद सावकारापाशी राहिले, माणसे मात्र गेली.

पावसाळा संपताच प्रश्न आला मजुरीचा. ठाणे जिल्ह्याच्या रानात गवत उदंड. ते कापून, भारे बांधून मुंबईला जाई, तिथल्या तबेल्यांतली दुभती जनावरे त्यावर पोसली जात. मुंबईच्या घरोघर सकाळी येणारे दूध वारली बायापुरुषांच्या विळ्यावर अवलंबून होते, असे म्हटले तरी चालेल. त्या गवतकापणीला ५०० रत्तली गवतामागे अडीच रुपये मिळावेत, अशी मागणी झाली. आजच्या मापाने हे गवत सव्वादोन क्विंटलांहून अधिक भरते. भगिनींनी क्षणभर विचार करावा : वाकून, विळ्याने, उन्हात सव्वादोन क्विंटल गवत कापावयाचे आणि त्याचे अडीच रुपये मागितले तर तो दंगा ठरला! ऑक्टोबर १९४५ मध्ये संप झाला.

१० ऑक्टोबरला तलवाडा येथे फार दुःखद प्रकार घडला. गोदावरीबाईंची तिथे सभा आहे, जमीनदारांचे गुंड त्यांचा घात करणार आहेत, तेव्हा त्यांना वाचवावयास या, अशी हूल कोणीतरी उठविली. हजारो वारली रातोरात काठ्या घेऊन धावून आले. दुसरीकडे पोलिसांना कळविण्यात आले, की आदिवासी दंगा करण्यासाठी जमले आहेत. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. आपली गोदाराणी संकटात आहे या समजुतीने लोक गोळीबारानंतरही तासन्‌तास तिथून हलले नाहीत. बाई तिथे नव्हत्याच. आपल्या नावाने बोलावून आणलेली माणसे मेली, हे ओझे त्यांनी पुढे कसे वाहिले असेल, याची मी पुष्कळदा कल्पना करते. सरकारने त्यांना जिल्ह्यात राहावयास बंदी केली. पण संप मोडला नाही आणि मजुरी वाढली.

पुढच्या वर्षी, १९४६ च्या ऑक्टोबरात, जंगलतोडीच्या कामाला दिवसाला किमान सव्वा रुपया मिळावा म्हणून संप झाला. त्या रानातला साग, जळाऊ लाकूड, कोळसा यांवर ठेकेदार गब्बर झाले होते. तोडणारा वारली मात्र उपाशी होता आणि त्याने चुलीपुरते लाकूड नेले तर तो चोर ठरे. संपात कुऱ्हाडी थांबल्या तेव्हा लाकडाच्या व्यापाऱ्यांना ती मागणी कबूल करावी लागली. बाई पुन्हा हद्दपार झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावरही भूमिगत राहणे आणि तुरुंगवास सुटला नाही. १९६२ नंतरच्या स्थानबद्धतेत शामरावही कैदेत होते, आणि १९६५ साली कैदेतच त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी विधवा झालेल्या बाई सुटल्यावर पुण्याच्या माहेरी गेल्या नाहीत, त्या आपल्या तलासरी-डहाणूच्या माणसांत परतल्या.

१९७० साली त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भगिनींनी ते अवश्य वाचावे. भाषा साधी, आव कशाचाच नाही. स्वतःपेक्षा वारल्यांविषयीच अधिक लिहिलेले. तुरुंगातल्या दिवसांवरही त्यांनी 'बंदिवासाची आठ वर्षे' हे पुस्तक लिहिले. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या. ते पद मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. नांगराला हात लावावयाचा नाही असे जिथे बाईला सांगितले जाते, त्या देशातल्या शेतकऱ्यांनी बाईला अध्यक्ष केले, ही लहान गोष्ट नव्हे. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, तलवाड्याच्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाला दोन दिवस असताना, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्यामागे काय उरले? तलासरीला त्यांच्या आणि शामरावांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्यांच्या आजा-पणज्यांना हिशेब येत नाही म्हणून कर्ज फिटले नाही, त्यांची मुले-मुली तिथे वाणिज्य शिकतात. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी वळणाऱ्या बायांच्या सहकारी संस्थेने गोदूताईंच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. १ सप्टेंबर २००६ रोजी त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी वनहक्कांचा कायदाही झाला. त्याची अंमलबजावणी होईना म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी-आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेले. त्यांत म्हाताऱ्याकोताऱ्या बाया होत्या, तळपायांची सालटी निघालेल्या. मुंबईत पोहोचल्यावर, दहावीच्या परीक्षेच्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून ते लोक रात्रीच चालून शहर ओलांडून गेले. झरीच्या सभेची ही नातवंडे-पतवंडेच म्हणावयाची.

आता परभणीशी संबंधाचे बोलते. माझे माहेर गोदाकाठचे. निजामी अमलात अंमलदाराचा दौरा निघाला की गावच्या बायांना फुकट दळण दळावे लागे, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेले. पण लग्नगड्याची गोष्ट वाचताना मला आपल्याकडच्या ऊसतोडीची उचल आठवते. मुलीच्या लग्नासाठी मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि दसरा-दिवाळी झाली की ती फेडावयास नवरा-बायकोने जोडीने फडात जावयाचे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईची स्वतंत्र गणती नाही, उचल नवऱ्याच्या नावावर, आणि आजारी पडून काम बुडाले तर खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे उठून भाकऱ्या बाईने करावयाच्या, दिवसभर मोळ्या तिनेच वाहावयाच्या. गवत रत्तलावर, कापूस किलोवर, ऊस टनावर. मापे बदलली, पण वजनकाटा कोणाच्या हातात, हा प्रश्न झरीला होता तोच आहे.

आपल्या मंडळातल्या बहुतेक भगिनी कोयता घेऊन जाणाऱ्या नाहीत. आपण कोणाच्या तरी मालकिणी आहोत : घरी धुणे-भांडी करणारी आहे, शेतावर वेचणीला बाया येतात. म्हणून हे चरित्र वाचताना आपण कोणत्या बाजूला उभ्या आहोत हे स्वतःला विचारावे, असे मला वाटते. वर्धापनदिनाच्या सभेपुढे मी तीन गोष्टी ठेवीत आहे. प्रत्येक सभासदाने घरकामाच्या बाईला आठवड्याची एक ठरलेली सुटी द्यावी. तिच्या आजारपणाचा पगार कापू नये. आणि वेचणीचा काटा वेचणारीच्या डोळ्यांसमोर, तिला आकडा वाचून दाखवून लावावा. चौथी गोष्ट अशी, की तिची इच्छा असेल तर तिला मंडळाची सभासद करून घ्यावे, वर्गणी सर्वांना सारखी असावी, आणि बसावयाची सतरंजीही एकच असावी.

काही भगिनी म्हणतील, की यामुळे घरोघरी कुरबुरी वाढतील. वाढतील थोड्या. पण कायदा शिकलेल्या एका पुणेरी मुलीने वारल्यांच्या झोपडीत जमिनीवर पथारी टाकली आणि त्यातून एका जिल्ह्याची वेठ उठली. त्या मानाने आपल्याला काहीच करावयाचे नाही, फक्त घरच्या ओसरीवर थोडी जागा करावयाची आहे. येत्या सभेत या ठरावांवर साधकबाधक चर्चा व्हावी आणि जे ठरेल ते झरीप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून अमलात यावे, एवढीच विनंती करून मी कै. गोदावरीबाईंना मंडळाच्या वतीने वंदन करते.